बिराजदार सरांची कानडी

बिराजदार सर प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हॉलमध्ये शिरले ते कानडी बोलतच. नमस्कार नाही, ओळख नाही, फळ्यावर तारीख नाही. आम्ही सगळे बीड जिल्ह्यातले माध्यमिक शिक्षक, कुणी इंग्रजी शिकवणारे, कुणी माझ्यासारखे हिंदी. ऐन सुट्टीत बोलावलं म्हणून आधीच तोंडं पाडून बसलेलो. मला वाटलं, हा गृहस्थ सोलापूरच्या गाडीतून चुकून इथे उतरलाय.

"कुंद्री," पुढच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ गुरुजींना ते म्हणाले. गुरुजी घाबरून उभे राहिले. "कुंद्री, कुंद्री," सरांनी तळहाताने खाली दाबल्यासारखी खूण केली. निवृत्तीला टेकलेला तो माणूस धोतर सावरत थेट फरशीवर बसला. कुणाला हसायचं सुचलं नाही, कारण पुढचा नंबर आपलाच आहे हे प्रत्येकाला दिसत होतं.

तासाभराने सर एकदम मराठीत आले. "कसं वाटलं, गुरुजी?"

"मेल्यावानी वाटलं," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या आठवीतल्या पोराला इंग्रजीच्या तासाला रोज असंच वाटतंय. आता डाफरा त्याच्यावर."

दुसऱ्याला परकी भाषा शिकवायची तर आधी आपण एखाद्या भाषेत अडाणी होऊन बघावं, हे त्यांचं सगळं शास्त्र. ते पटलं मला, पण छळ काही कमी झाला नाही. शेजाऱ्याने हळूच अर्थ सांगितला की सर तिकडून ओरडायचे, "अडकू द्या त्यान्ला! अडकल्याबिगर भाषा येत न्हाई." पिशवीतून खरोखरची थाळी आणि भाकरी काढायचे आणि मराठीचा एक शब्दही न वापरता शिकवायचे. "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. समोरच्याने म्हणायचं, "इल्ल," म्हणजे नाही. मग पहिल्याने त्याला हाताला धरून आणायचं, "बर्री, ऊटा माडरी." या, जेवा. दोन दिवसांत आम्ही मोठी माणसं एकमेकांना खोटंखोटं जेवायला बोलवत हॉलभर फिरायला लागलो.

स्वतः सर तर घडीभर एका जागी ठरत नसत. चहा चालता चालता, जेवण उभ्याने. बोलताना खडूचे तुकडे करत राहायचे, त्यांच्यामागे फरशीवर पांढरी रांग पडायची. आणि संध्याकाळी तास संपला रे संपला की वडवणीच्या गाडीसाठी असे सुटायचे की आभार मानायला उठलेला माणूस रिकाम्या खुर्चीचे आभार मानायचा. आम्ही म्हणायचो, घरी शिकवण्या असणार. तेव्हा इंग्रजीच्या शिकवण्यांना चांगलेच दिवस आले होते.

कारण त्या वर्षांत देश खुला झाला होता म्हणे. आमच्या चौसाळ्यापुरतं सांगायचं तर हायवेला एसटीडीचा बूथ आला, केबलची वायर लिंबाच्या झाडावरून घरोघर गेली, आणि ज्याला त्याला आपल्या पोराचं इंग्रजी पाहिजे झालं. माझ्या हिंदीला कोण विचारतो! सगळा भार आमच्या शाळेतल्या तांदळे सरांवर आला.

तांदळे हा माणूस वरून आलेल्या आदेशाचा शब्दही इकडचा तिकडे न करणारा. प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी बिराजदार म्हणाले होते, "मी जसं शिकवलं, तसंच वर्गात शिकवा." तांदळ्यांनी शाळा उघडल्याबरोबर आठवीला तसंच शिकवलं. अगदी तसंच. थाळी आणली, भाकरी आणली, आणि पोरांना कानडी शिकवायला घेतली. शेजारच्या वर्गातून मला गलका ऐकू यायचा. प्रशिक्षणाचाच काही खेळ चालला असेल, असं मला वाटायचं.

मग एक दिवस शिक्षण खात्यातले साहेब तपासणीला आले. त्यांनी आठवीतल्या एका मुलीला इंग्रजीत नाव विचारलं. पोरगी धीटपणे उठली आणि म्हणाली, "ऊटा आतेन, साहेब?" साहेबांना काही कळेना. त्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं, तोवर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "बर्री, ऊटा माडरी!" साहेबांना ती शिवी वाटली असावी. ते लालबुंद झाले.

"हे काय आहे, तांदळे?"

"साहेब, ट्रेनिंगमधी दिलं ते जसंच्या तसं करायलोय."

"अहो, पण ही इंग्रजी आहे का?"

"न्हाई साहेब. मला बी शंका आलती. पण सरकारनं सगळंच खुलं करायलंय, म्हणलं ही बी आली असंल."

दुसऱ्या दिवशी बिराजदारांना चौसाळ्याला बोलावणं आलं. साहेबांनी हेडमास्तरांच्या खोलीत आमच्यासमोर त्यांना उभं-आडवं घेतलं आणि शेवटी सांगितलं, इथून पुढे तुमचं प्रशिक्षण बंद. मला वाटलं, त्या प्रशिक्षणावर या माणसाचा जीव होता, आता हे भांडणार, टेबलावर हात आपटणार. पण बिराजदारांचं लक्षच नव्हतं. साहेबांचं संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "पोरं आत्ता वर्गात हायत का?"

ते आठवीच्या दारात गेले. पोरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ऊटा आतेन, सर?" बिराजदार कानडीत भराभर काहीतरी बोलले, पोरांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पोरं हसली. सरही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मग बाहेर येऊन तांदळ्यांना म्हणाले, "सर, इंग्रजी लगेच चालू करू नका. शनिवारपर्यंत थांबा. माझ्या आईला आणतो."

"आईला? कशापायी?" तांदळ्यांनी विचारलं. तेव्हा व्हरांड्यात येरझारा घालत त्यांनी सांगितलं. मूळ गाव कर्नाटकाच्या हद्दीवरचं, घरची बोली कानडी. आई वडवणीला येऊन चांगली मराठी बोलायला लागली होती. पण अर्धांगाचा झटका आला, त्यातून हात-पाय सावरले आणि मराठी तेवढी गेली, कानडीच उरली.

"घरच्यान्ला शिकवा की," मी म्हणालो.

"बायकोला शिकवायला गेलो, तर भांडण झालं. पोरं म्हणतात, पप्पा, कानडीनं कुठं नोकरी लागतीय? सगळा जिल्हा शिकवला, घर न्हाई शिकवता आलं मला. ताट वेळेवर येतंय तिला, जीव लावतात सगळे. पण बोलायला मी एकटाच हाय. मला उशीर झाला की त्या दिवशी न बोलताच झोपती."

तांदळ्यांना तर इंग्रजीवर यायचा लेखी आदेश होता. त्यांच्याच्याने तो मोडवेना. शनिवारचा हिंदीचा तास माझा होता, तो मी दिला.

शनिवारी सकाळी सर आईला घेऊन एसटीने आले. लहानखुरी म्हातारी, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. शाळेचं आवार बघून बिचकली आणि मुलाचा हात सोडेना. वर्गात तिला खुर्चीवर बसवलं. पहिल्या बाकावरची मुलगी पुढे येऊन म्हणाली, "ऊटा आतेन, अव्वा?"

म्हातारीने आधी मुलाकडे बघितलं, मग मुलीकडे. मग हळूच म्हणाली, "इल्ल."

"बर्री, ऊटा माडरी," मुलगी म्हणाली. म्हातारीने तिचा गाल धरला आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. मुलगी मान डोलवत उभी राहिली. मग दुसरा मुलगा आला, त्याने तेच विचारलं. पुन्हा "इल्ल," पुन्हा आमंत्रण, पुन्हा गालावर हात आणि नवीन बोलणं. पोरांना एवढीच कानडी येत होती. सगळा वर्ग रांगेने येत राहिला.

मला कसंतरीच झालं. दारात उभ्या असलेल्या बिराजदारांना म्हणालो, "सर, आईन्ला उपाशीच आणलंत का हो? डबा मागवू का?"

"भाकर खाऊन आलीय ती. निघतानी मीच वाढलीय."

"मग प्रत्येकाला न्हाई कावून म्हणायल्यात?"

सर आईकडेच बघत होते.

"हो म्हणलं की बोलणं संपतंय, सर."