चौदा गाड्यांचा सिलिंडर

पाचव्या रुग्णवाहिकेतल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर तपासनीस बाईंनी बोट फिरवलं. बोटाला निळी शाई लागली. पहिल्या गाडीतल्या सिलिंडरला ती त्यांनीच गुपचूप, शिक्क्याच्या पॅडवरून लावली होती. अजून वाळलीही नव्हती.

पालिकेच्या आवारात खासगी रुग्णवाहिकांची वार्षिक तपासणी चालू होती. चौदा गाड्या ओळीने उभ्या होत्या. बाई खाली उतरून वहीत नोंद करीत, तेवढ्यात सिलिंडर गाड्यांच्या आडून पुढच्या गाडीत जाऊन घरच्यासारखा बसे. कचेरीत बाईंना मागून 'फूटपट्टी' म्हणत. फूटपट्टी तापली आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, पाच गाड्या तपासल्या. पाचांत मिळून सिलिंडर एकच आहे."

"प्रत्येक गाडीत दिसला ना?"

"दिसला. तोच!"

"फॉर्मवर 'सिलिंडर आहे का' एवढंच विचारलंय. तोच की दुसरा, असं विचारलंय का? मग करा खूण आणि द्या सही."

समोर मालक संघटनेचे दादा चहा पीत होते. "बाई, तुम्ही शिकलेल्या," ते मधाळ आवाजात म्हणाले. "चौदा पेशंट एकाच वेळी कशाला आजारी पडतील?"

"आणि पडले तर?"

"ज्याचं त्याचं नशीब."

बाईंची कानशिलं तापली. "माझ्या सहीच्या भरवशावर लोक आपली आई-बापं या गाड्यांत घालतात. मी सही करणार नाही."

"मग डास निर्मूलनात जागा रिकामी आहे," साहेब उठले. "तिथं डास मोजा. तेच की दुसरे, तेही बघत बसा! चला, तपासणी कशी करतात ते मीच दाखवतो."

जिना उतरताना साहेब मागे वळून बाईंना सुनावत होते, म्हणून शेवटची पायरी त्यांना दिसली नाही. पाय दुमडला, कट्‌ असा आवाज झाला आणि साहेब फरशीवर आडवे.

"रुग्णवाहिका बोलवा!"

"बोलवायची कशाला साहेब?" शिपाईकाका म्हणाले. "चौदा दारात उभ्या आहेत की!"

पहिल्या गाडीत स्ट्रेचर नव्हता. तो सिलिंडरच्या पाठोपाठ सहाव्या गाडीत गेला होता. सहावी चालू होईना. तिला पहाटे दोरीने ओढत आणली होती. सातवी चालू झाली, पण आत छतापर्यंत कांद्याची पोती. आठवीला चालक म्हणून बसवलेला माणूस प्रत्यक्षात न्हावी निघाला.

"दादा, या गाड्या आहेत की काय?" साहेब विव्हळले.

"साहेब, या तपासणीसाठी आणल्यात," दादा कळवळून म्हणाले. "पेशंटसाठी नाहीत हो!"

शेवटी फूटपट्टीनेच सूत्रं हाती घेतली. पोती उतरवली, स्ट्रेचर चढवला, बाराव्या गाडीचा परवानेधारक चालक सातवीत बसवला आणि तो निळ्या शाईचा सिलिंडर साहेबांच्या उशाशी ठेवला. चौदा गाड्यांतून एक रुग्णवाहिका उभी करायला चाळीस मिनिटं लागली.

पालिकेच्या इस्पितळाच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "यंदाचं प्रमाणपत्र?"

"अरे, मी स्वतः साहेब आहे!"

"तुमचाच हुकूम लावलाय भिंतीवर. प्रमाणपत्र नाही, तर गाडी आत नाही."

"बाई, करा हो सही! जीव जातोय माझा!"

बाईंनी फॉर्म काढला. खूण करण्याआधी त्यांनी, आज पहिल्यांदाच, सिलिंडरची चावी फिरवली. काही फुसफुसलं नाही. काटा शून्यावर होता.

"रिकामा आहे, साहेब."

"काय? तपासलात कसा नाही?"

"फॉर्मवर 'आहे का' एवढंच विचारलंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

चालकाने आणि पहारेकऱ्याने स्ट्रेचर उचलला. हादऱ्याहादऱ्याला साहेब ओरडत होते. बाई शेजारून चालत होत्या आणि चालता चालता अहवाल लिहीत होत्या. दारापाशी त्यांनी तो साहेबांच्या डोळ्यांसमोर धरला.

'चौदा वाहने तपासली. रुग्णवाहिका आढळली नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग दात-ओठ खात हात पुढे केला.

"पेन द्या."