आवाजाची चतुःसीमा

धारला आमच्या गल्लीत घर विकत घ्यायचं, तर आधी तात्यांचं ऐकून घ्यावं लागे. मालकाने बोलावलेलं असो वा नसो, गिऱ्हाईक ओट्यावर चढलं की तात्या लांब कोट चढवून हजर. "खरेदीखतात पूर्वेस कोण राहतो ते लिहिता. पूर्वेकडून काय ऐकू येतं, ते कोण लिहिणार?"

संस्थानच्या दफ्तरात त्यांनी जन्मभर घरांच्या चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस तमक्याची विहीर. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली. घरात दुसरं माणूस नव्हतंच. चतुःसीमा तेवढ्या उरल्या, आणि त्यांत आता आवाजांची भर पडली. "आवाज आधी, बयाणा मागून" हा तात्यांचा कायदा. घर दुसऱ्याचं असलं की मला याची मोठी गंमत वाटे.

मग माझी ग्वाल्हेरला बदली झाली, आमचंच घर विकायला निघालं, आणि गंमत संपली. पहिलं गिऱ्हाईक तात्यांनी पूर्वेच्या तांबटाचं वर्णन करून पळवलं, दुसरं पश्चिमेच्या बँडवाल्यांचं. त्या दुसऱ्याला तर त्यांनी क्लॅरिनेट तोंडाने वाजवून दाखवलं. हे घर विकल्याशिवाय तिकडे बिऱ्हाड थाटणं शक्य नव्हतं. म्हणजे मी खानावळीत जेवणार आणि बायको-पोरं इथे एकटी राहणार. माझं डोकं सारखं फिरलेलं असे.

तिसरं गिऱ्हाईक मनावर गावचे एक सेठजी. ते यायच्या आधीच मी तात्यांना हात जोडले. "तात्या, आज तेवढं तोंड बंद ठेवा हो."

"लपवाछपवी आपल्याला जमायची नाही," तात्या म्हणाले.

सेठजी आले आणि त्यांच्या पाठोपाठ तात्याही. मी दातओठ खात उभा.

"सेठजी, पूरब को तांबट है. सुबह से ठोकता है."

"हमारे तो घर से लगी कपास की जिनिंग है, भिया. बगैर आवाज के नींद नी आती."

"पश्चिम को बँड है."

"अच्छा है, बच्चों का मन लगेगा."

बयाण्यासाठी सेठजींचा हात बंडीच्या खिशात गेला. तेवढ्यात तात्यांनी उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलं. तिच्यापलीकडे ते स्वतः राहत. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"और इधर खोकला है. बहुत पुराना. बताना हमारा फर्ज है."

एवढं बोलून ते चपला घालून घरी निघून गेले.

सेठजींचा हात खिशातच थांबला. "सच में है?"

तात्या खोकतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी म्हटलं, "है थोड़ा. बारिश में बढ़ता है."

"बारिश में बढ़ता है!" सेठजी तडक भिंतीपाशी गेले आणि बोटांच्या पेरांनी ती ठोकू लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा मराठी खोकला त्यांच्या कानात हिंदी 'खोखला' होऊन शिरला होता. त्यांना भिंतच पोकळ वाटली! गेलं घर, म्हटलं.

मी खुलासा करणार, तोच पलीकडून तात्यांचा आवाज आला. "बरा आहे हो, सूनबाई! आल्याचा रस घेतलाय, काळजी नको!"

सेठजी दचकून मागे सरले. मी बायकोकडे पाहिलं; तात्या तिलाच सूनबाई म्हणत. ती स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"रात्री त्यांना ढास लागते आणि मधेच थांबते," ती म्हणाली. "मला भीती वाटते. मग मी भिंत ठोकते, ते ओ देतात. तुम्ही झोपलेले असता."

आम्ही गेल्यावर हा माणूस ओ कुणाला देणार? मी कसंबसं सेठजींना समजावलं, की खोकला म्हणजे खाँसी, बायको रात्री भिंत ठोकते ती त्याचसाठी, आणि भिंत चांगली भक्कम आहे. मग ते बायकोकडे वळले.

"भाभी, एक बार ठोकते हो कि दो बार?"

"दो," ती म्हणाली.

सेठजींनी दोनदा ठोकलं, या वेळी जपून. आमचं सगळं बोलणं तात्यांना ऐकू गेलंच असणार. पलीकडे त्यांनी घसा साफ केला.

"ठीक हूँ, सेठजी."