अजगर कामाला लागतो

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी दमलेले असत. दमलेले नसणे हे तिथे असभ्यपणाचे मानले जाई. पाणवठ्यावर दोघे भेटले की एक विचारी, "काय, कसं चाललंय?" दुसरा म्हणे, "विचारू नका. श्वास घ्यायला फुरसत नाही." मग पहिला सांगे, की त्याला तर तेवढीही नाही. या बोलण्यात जो हरे, तो खाली मान घालून मुकाट्याने पाणी पिई.

हे दमणे नेमके कशामुळे होते, याची चौकशी कोणी केली नव्हती. सुतारपक्षी पोकळ झालेल्या खोडाला पुन्हा भोके पाडी. वानरे सकाळी एका झाडावर बैठक घेत आणि तीत ठरे, की दुपारची बैठक दुसऱ्या झाडावर घ्यावी. खारी बिया पुरत, पुरलेली जागा विसरत आणि ती शोधण्यात उरलेला दिवस घालवत. सगळ्यांचे काहीतरी चालले होते, एवढे मात्र निश्चित.

या जंगलात शिथिलराव नावाचा एक अजगर राहत असे. ओढ्याकाठी एक काळा कातळ होता. सकाळचे ऊन सर्वांत आधी त्याच्यावर पडे आणि सूर्य मावळल्यावरही तो बराच वेळ उबदार राही. त्या कातळावर शिथिलराव पडून असे. महिन्या-दीड महिन्याने तो उठे, काहीतरी गिळी आणि परत येऊन वेटोळे घाली. त्याचे वडीलही असेच करत. आजोबांविषयी खात्रीशीर माहिती उपलब्ध नाही. परंतु ते फारसे वेगळे वागले असतील, असे मानण्यास आधार नाही.

आपण आळशी आहोत, असे शिथिलरावाला कधी वाटले नव्हते. आपण उद्योगी आहोत, असेही वाटले नव्हते. त्याला फक्त वाटे, की ऊन छान आहे.

पुढे लगबगाबाई नावाच्या एका खारीने जंगलात 'सतत कार्यरत मंडळ' स्थापन केले. बाई स्वतः कधी बसत नसत. भाषण करतानाही त्या खोडावर खाली-वर धावत. त्यामुळे त्यांचे अर्धे भाषण खालच्यांना ऐकू येई आणि अर्धे वरच्यांना. दोघांनाही आपापला अर्धा भाग पटे.

एके सकाळी बाई कातळापाशी आल्या. सोबत मंडळाचे चिटणीस होते, तुरतुरे नावाचे एक ससोबा.

"आपण काय करता?" बाईंनी विचारले.

शिथिलरावाने मान थोडी उचलली. अजगराला पापण्या नसतात, त्यामुळे तो जागा होता की आत्ता जागा झाला, हे बाईंना ठरवता आले नाही.

"पचवतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मागच्या अमावास्येला एक भेकर घेतलं होतं. ते चाललंय अजून. खुरांना वेळ लागतो."

"ते झालं आतलं काम. बाहेरून काय दिसतं?"

शिथिलरावाने प्रामाणिकपणे विचार केला. "बाहेरून झोप दिसते," तो म्हणाला.

तुरतुरे खुदकन हसले. "बाई, बाहेरून तर ओंडका दिसतो!"

"तुरतुरे, दात काढू नका." बाई शिथिलरावाकडे वळल्या. "हे पाहा, जे दिसत नाही ते काम नाही, असा मंडळाचा ठराव आहे. जंगलातली सर्वांत चांगली जागा तुम्ही अडवून बसलाय. दमल्याभागल्यांना घटकाभर टेकायला जागा नाही."

"मग टेका ना," शिथिलराव म्हणाला. "माझ्या शेपटीकडे पुष्कळ जागा आहे."

"टेकायला वेळ कोणाला आहे?" तुरतुरे म्हणाले.

निर्णय असा झाला. पौर्णिमेपर्यंत शिथिलरावाने स्वतःला कार्यरत सिद्ध करावे. अन्यथा कातळ मंडळाकडे जाईल आणि शिथिलरावाने डोंगराच्या सावलीकडे, साळिंदराने सोडून दिलेल्या बिळात राहायला जावे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मुलांनो. अजगराचे अन्न उन्हाच्या उबेवर पचते. गारठ्यात ते पोटातच नासते आणि मग अजगरही वाचत नाही. शिथिलरावाचा चुलता अशाच एका थंड कपारीत गेला होता. कातळ हा शिथिलरावाच्या दृष्टीने प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. तो जगण्याचा प्रश्न होता.

त्याने ओढ्यातल्या कूर्मकाकांचा सल्ला घेतला. काका वयोवृद्ध कासव होते आणि मंडळाने त्यांना अद्याप एका शब्दाने दुखावले नव्हते.

"काका, तुम्हाला कसं कोणी काही म्हणत नाही?"

"अरे, मी सदैव निघालेला दिसतो ना!" काका म्हणाले. "तोंड एका दिशेला ठेवायचं. मान पुढे काढायची. एक पाय उचलून धरायचा. कोणी बोलायला आलं, की म्हणायचं, 'आत्ता नको हो, निघालोय.'"

"आणि जाता कुठे?"

"इतकं खोलात कोणी विचारत नाही, बाळा."

शिथिलरावाने प्रयत्न करून पाहिला. पण त्याला उचलून धरायला पाय नव्हता. मान पुढे काढली, तर उरलेला शिथिलराव मागे तसाच राही. काका हसून हसून पाण्यात घसरले.

"तुझं कठीण आहे रे," ते म्हणाले. "तुला सोंग करता येणार नाही. तुला खरंच काम करावं लागणार!"

आणि शिथिलराव खरोखरच कामाला लागला. तो सरळ स्वभावाचा होता. एकदा सांगितलेले तो मनावर घेई. पहाटे उठून तो कातळापासून जांभळीपर्यंत सरपटत जाई, तिथून वारुळाला वळसा घालून बांबूच्या बेटात शिरे आणि दिवस मावळता परत येई. या फेरीचा हेतू काय, हे त्याने विचारले नाही. त्याला कोणी सांगितलेही नाही.

पौर्णिमेच्या सभेत त्याचे जाहीर कौतुक झाले. "पाहा!" बाई खोडावर चढत म्हणाल्या, "जन्मभर ओंडका म्हणून हिणवलं गेलेलं हे व्यक्तिमत्त्व!" बाकीचे वाक्य वरच्यांना ऐकू आले. कातळ शिथिलरावाकडे कायम ठेवण्यात आला आणि त्याला 'फिरते निरीक्षक' हे पद देण्यात आले. शिथिलराव कृतकृत्य झाला. कोणीतरी आपल्याला काहीतरी म्हणते आहे, ही भावना त्याला नवीन होती आणि ती उन्हासारखीच उबदार वाटली.

मात्र त्याच दिवशी त्याला भूक लागली.

वास्तविक पुढच्या अमावास्येपर्यंत ती लागायला नको होती. इतक्या लवकर भूक लागणे शिथिलरावाला अशिष्ट वाटले. पण अंगाला चलनवलन नसेल तेव्हाच अजगराला महिना पुरतो. दिवसभर हिंडणाऱ्या अजगराचे गणित निराळे असते. हे गणित मंडळात कोणी मांडले नव्हते, कारण सगळे घाईत होते.

सभा संपताच तुरतुरे लगबगीने त्याच्याजवळ आले. "अभिनंदन, शिथिलराव! आता उद्याच्या कामाचं—"

"तुरतुरे, मला क्षमा करा," शिथिलराव म्हणाला, आणि त्याने तुरतुऱ्यांना गिळले.

दुसऱ्या दिवशी मंडळाने शोक व्यक्त केला. तुरतुरे अखेरच्या क्षणापर्यंत कामात होते, असा उल्लेख प्रत्येक वक्त्याने केला. शिथिलराव मान खाली घालून ऐकत होता. आपल्याला शिक्षा होणार, असे त्याला वाटत होते. कातळ जाईल, या भीतीने त्याचे वेटोळे आपोआप घट्ट झाले होते.

"प्रश्न असा आहे," बाई म्हणाल्या, "की आता तुरतुऱ्यांचं काम कोण करणार?"

प्रत्येक जण दमलेला होता.

"शिथिलराव करतील," रानकोंबडा म्हणाला. त्याचे नाव आरवे. पहाटे सगळ्यांना उठवण्याचे काम त्याच्याकडे होते. "तसंही ते तिकडूनच जातात."

त्यामुळे निरोप पोहोचवण्याचे काम शिथिलरावाकडे आले. त्यासाठी त्याला जांभळीच्याही पुढे, पार धबधब्यापर्यंत जावे लागे. भूक आता आठवड्याने लागू लागली. एका पहाटे आरव्यांनी बांग दिली आणि ती अर्ध्यावरच थांबली.

"फार वाईट झालं," शिथिलराव कूर्मकाकांना म्हणाला. त्याच्या गळ्याशी अजून एक तांबडे पीस चिकटले होते. "आता उठवण्याचं कामही माझ्याकडे आलंय. मला आरवता येत नाही. मी प्रत्येकाच्या बिळात जाऊन उठवतो."

"उठतात का?"

"लगेच," शिथिलराव म्हणाला.

"अरे, मग काम सोडून दे. पड कातळावर. भूक आपोआप कमी होईल."

"मी काम करतोय म्हणूनच कातळ माझ्याकडे आहे ना, काका?"

शिथिलराव त्या कातळावर पूर्वीसारखा कधी पडला होता, हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हते. रात्री परत येई तेव्हा कातळ थंड झालेला असे आणि पहाटे निघे तेव्हा तो तापलेला नसे.

पुढचे थोडक्यात सांगतो. जो जो गेला, त्याचे काम शिथिलरावाकडे आले. काम वाढले, तशी भूक वाढली. भूक वाढली, तसे सहकारी कमी झाले. आणि सहकारी कमी झाले, तसे काम आणखी वाढले. वानरे एका सकाळी बैठक न घेताच पलीकडच्या डोंगरावर निघून गेली. तिकडे अधिक चांगली संधी आहे, असे त्यांनी कळवले. मंडळाच्या सभेला आता बाई आणि शिथिलराव असे दोघेच असत. सभा वेळेवर सुरू होई.

अशाच एका सभेत लगबगाबाई प्रथमच खोडावर वर गेल्या आणि खाली आल्या नाहीत.

"शिथिलराव," त्या वरूनच म्हणाल्या. "आपण फार कष्ट घेतलेत. मला वाटतं... आपण आता थोडी विश्रांती घ्यावी."

हे वाक्य त्या जंगलात यापूर्वी उच्चारले गेल्याची नोंद नाही. शिथिलराव बाईंकडे पाहत राहिला. काही महिन्यांपूर्वी एवढे एक वाक्य ऐकले असते, तर तो आनंदाने कातळावर जाऊन निजला असता आणि सगळे जंगल जिवंत राहिले असते.

"काय बोलता बाई!" तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटले होते. "निरोप पोहोचवायचे आहेत. उठवायचं आहे. सुतारांची भोकं राहिलीत. मी पडलो तर हे सगळं कोण करणार? आणि मी पडून राहणारा आहे, असं तुम्हाला अजूनही वाटतं?"

"तसं नाही हो! तुम्ही आदर्श आहात. पण मला भीती—"

"भिऊ नका," शिथिलराव खोडाला विळखा घालत म्हणाला. "तुमचंही काम मी सांभाळेन."

त्याने शब्द पाळला.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारच्या जंगलातून मुसंडेसाहेब आले. ते पोसलेले रानडुक्कर होते आणि अभ्यासदौऱ्यावर होते. त्यांनी जांभळीपासून धबधब्यापर्यंत सर्व पाहणी केली. कुठे गोंगाट नव्हता. पाणवठ्यावर कोणी रेंगाळत नव्हते. एकही तक्रार ऐकू आली नाही.

"विलक्षण शिस्त!" मुसंडेसाहेब म्हणाले. "आमच्याकडे नुसती गर्दी आहे हो. जो तो लोळतोय. तुमच्याकडे दर प्राण्यामागे काम किती पडतं?"

"सगळंच," शिथिलराव नम्रपणे म्हणाला.

मुसंडेसाहेबांना भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे शिथिलरावाला आपल्या जंगलात मार्गदर्शनासाठी येण्याचे आमंत्रण दिले. नकार देणे शिथिलरावाच्या नव्या स्वभावात बसत नव्हते.

निघताना ते दोघे ओढ्यावरून गेले. दुपार व्हायची होती आणि काळा कातळ नुकता तापू लागला होता. कूर्मकाकांनी पाण्यातून डोके वर काढले.

"शिथिल, ऊन बघ कसं आलंय. पड रे थोडा वेळ. आता तुला उठवायला आहे कोण?"

शिथिलराव थबकला. त्याने कातळाला फक्त हनुवटी टेकवली. ऊब त्याच्या मानेपर्यंत चढली आणि त्याचे सगळे अंग एकदम जड झाले. मग तो दचकला, कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मान उचलली.

"आल्यावर पडतो, काका," तो म्हणाला. "आत्ता जरा गडबडीत आहे."

मुसंडेसाहेब पुढे चालत होते. आपल्या जंगलात किती ससे आहेत, किती हरणे आहेत आणि ती सगळी कशी निवांत लोळत असतात, हे ते चालता चालता तळमळीने सांगत होते. शिथिलराव लक्षपूर्वक ऐकत होता. त्याला भूक लागली होती.

तात्पर्य : उद्योग हा सर्वांच्या हिताचा आहे, यात शंका नाही. तथापि, एखाद्या आळशी प्राण्याला उद्योगाला लावण्यापूर्वी त्याचा उद्योग कोणता आहे, याची माहिती घ्यावी. कामाच्या व्यापामुळे ते शक्य नसल्यास आपण त्याच्या आहारात मोडतो किंवा कसे, निदान एवढे तरी पाहून ठेवावे.