पास्कूभाऊ नऊपर्यंत मोजतात

पापडीतले आमचे शेजारी पास्कूभाऊ वाडीतले नारळ नऊ-नऊच्या ढिगांत लावतात. दहाचा ढीग नाही, डझनाचा नाही. नऊ झाले की नवा ढीग. आणि मोजतात ते लाओसच्या भाषेत, लाओमध्ये. "लाभ, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव." काव म्हणजे नऊ. काव आलं की कंबर सरळ करतात आणि पुन्हा लाभपासून सुरू. नारळ न्यायला येणारा टेम्पोवाला वैतागतो, "अंकल, डझन में रखो ना." पास्कूभाऊ म्हणतात, "तुला नवाचा पाढा येत नाय काय?"

आमची इमारत त्यांच्या वाडीला लागूनच. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच कोवळी. नुकती निवृत्त झालेली गणिताची बाई. शाळा सुटली होती, पट्टी सुटली नव्हती. जगातली प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त होते, असं त्या बाईला मनापासून वाटे. आज ती भेटली तर मी तिला बाकावर उभी करीन.

मी खाली जाऊन चौकशी केली. पास्कूभाऊंचा एकुलता मुलगा आल्विन लाओसला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. तिथल्याच केओ नावाच्या मुलीशी लग्न केलं, त्यांना नोय झाली. नोय तीन वर्षांची असताना आल्विन मोटरसायकलवरून पडून गेला. त्याला मातीही तिथेच दिली. पास्कूभाऊंचा पासपोर्ट त्यानंतर दीड महिन्याने आला.

"आला तो कपाटात हाय," एवढंच ते म्हणाले.

बायको त्याआधीच गेलेली. राहता राहिला रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतरचा व्हिडिओ कॉल. पाच वर्षांच्या नोयला मराठी येत नव्हती, आजोबांना लाओ येत नव्हती, आणि केओचं इंग्रजी "फाइन, पापा" इथे संपायचं. मग आजोबा नि नात मोजत बसायचे. हे फोनसमोर नारळ धरायचे, ती मोजायची. ती पेन्सिली धरायची, हे मोजायचे. नऊ झाले की दोघं टाळ्या वाजवायची.

"जेवलीस काय, हे विचारायला भाषा लागते, बाई. नारळाला काय लागत नाय."

माझा नातू पुण्याला असतो. त्याला मराठी उत्तम येते. फोनवर मात्र "हो आजी, ठेवतो" एवढंच येतं. तेव्हा मी खरं तर गप्प बसायचं. पण माझ्या अंगातली बाई उठली. मी मोबाइलवरून लाओ आकडे शिकले, पुठ्ठ्यावर तक्ता केला आणि पास्कूभाऊंच्या ओटीवर शिकवणी लावली. ते नऊच्या पुढे जायला तयार नव्हते. "नऊ बस झाले." बरं, नऊ तर नऊ. पण पहिलाच आकडा चूक.

"लाभ कुठून आणलात? लाओत एकाला नुंग म्हणतात."

"पहिल्याला एक म्हनायचं नाय, बाई. माझा बाप भात मापताना पहिल्या पायलीला लाभ म्हनायचा. मग दोन, तीन. बरकत राहते."

"ती तुमच्या वाडीत. पोर उद्या शाळेत लाभ अधिक लाभ करील. नुंग म्हणा."

पास्कूभाऊ शहाण्या विद्यार्थ्यासारखे नुंग म्हणाले.

त्या रविवारी मी पट्टी घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. नोयने पहिली पेन्सिल धरली. "नुंग," पास्कूभाऊ म्हणाले. पोरीचा हात थांबला. "लाभ," ती म्हणाली. मी मागून म्हटलं, "नुंग, नुंग." तिने पेन्सिली खाली ठेवल्या आणि निघून गेली. थोडा वेळ आम्ही तिच्या घरातली रिकामी भिंत पाहिली. मग केओ आली, "सॉरी, पापा" म्हणाली, आणि फोन बंद झाला.

पास्कूभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला आणि फोनवरचा एक जुना व्हिडिओ लावून दिला. लाकडी जिना आणि त्यावर चढणारी दोन एवढीशी पावलं. चित्रण करणारा पुरुष दिसत नाही, आवाज तेवढा येतो. लाभ, सोंग, साम, सी. नऊ पायऱ्या. कावला पावलं उडी मारतात आणि बापलेक हसतात.

"लाओ मी ह्याच्याकडनंच शिकलो," पास्कूभाऊ म्हणाले. "रोज सकाळी एकदा लावतो."

बापाच्या भाषेतला तेवढा एकच शब्द पोरीपाशी होता, आणि तोच खोडायला मी पट्टी घेऊन उभी राहिले होते.

पुढच्या रविवारी पास्कूभाऊ पुन्हा लाभ म्हणाले, आणि नोय परत आली. मी वर गॅलरीतच राहिले.

असं तीन वर्षं चाललं. गेल्या वर्षी केओने दुसरं लग्न केलं. माणूस चांगला आहे, तिने फोटो पाठवला होता. ती मंडळी दूरच्या गावी राहायला गेली. रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग सणावर. यंदाचा नाताळ फोनशिवायच गेला. "बरंच झालं. पोरीला बाप मिळाला," पास्कूभाऊ म्हणतात, आणि फोनची काच सदऱ्याला पुसतात.

परवा ते पहिल्यांदाच आमच्या घरी वर आले. रविवारी चर्चला घालायचा सदरा, हातात शंभर पानी वही.

"बाई, नवाच्या पुढचं शिकवा."

"आता कशाला?"

"पोरगी नवाची झाली. आता दहाची होनार, अकराची होनार. कधी फोन आला नि मी विचारलं, केवढी झालीस, तर ती काय सांगते ते कळाया नको?"

आम्ही बसलो. सिप, सिप-एत, सिप-सोंग; दहा, अकरा, बारा. पास्कूभाऊ जिभेचं टोक बाहेर काढून पहिलीतल्या पोरासारखे लिहीत होते. वीसला सोंग-सिप म्हणत असणार, असं मी एके काळी गणिताने सिद्ध केलं होतं. लाओ लोक साव म्हणतात. गणिताच्या बाई नापास.

साव लिहून त्यांनी वही मिटली. "एवढे पुरे. त्याच्यापुढचं ऐकाया मी कुठे असनार."

पास्कूभाऊंना शहात्तरावं चालू आहे. पोरगी विसाची होईपर्यंतची बेरीज मला तोंडी येते. मी ती केली आणि उत्तर सांगितलं नाही. वही त्यांच्याकडून घेतली, उघडून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली.

"एकवीस," मी म्हटलं. "साव-एत. लिहा."