सर्जेराव हवालदारांची सावकाश शर्यत

शर्यतीच्या खेळात मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवून पुढे जाऊ देणारा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. खेळ यंत्रातला, रस्ता काचेवरचा, मागची गाडीही चित्रातलीच, तरी सर्जेराव उजवा हात खिडकीबाहेर काढल्यासारखा बाजूला नेत, तळवा हलवीत आणि म्हणत, "जा बाबा, जा. तुला गडबड हाय, मला न्हाई."

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि सर्जेराव त्या शाळेची बस चालवीत. गृहस्थ माणदेशातले, दहिवडीजवळच्या एका वाडीचे. सैन्यात बावीस वर्षे मालट्रक चालवून, हवालदार होऊन परतलेले. पत्नी पूर्वीच वारलेली, एक मुलगी कुपवाडला दिलेली. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वजण त्यांना हवालदार म्हणत. मी मात्र सर्जेराव म्हणे, कारण त्यांच्याइतका आवेशहीन मनुष्य त्या नावाने हिंडावा ही परमेश्वराची विनोदबुद्धी मला रोज अनुभवावीशी वाटे.

सकाळी माझी संध्या आटोपण्याच्या सुमारास त्यांची 'फस्ट परेड' चाले. हा सैन्यातला शब्द. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती फिरून तेल, पाणी, हवा, ब्रेक हे सर्व क्रमाने पाहावयाचे. त्या क्रमात एकाही दिवशी खंड पडला नाही. माझ्या संध्येत मात्र थंडीच्या दिवसांत क्वचित पडला आहे, हे मी येथे कबूल करतो. परेड झाली की सुकाणूला हात लावून तो कपाळी न्यावयाचा आणि मग गाडी निघावयाची. निघावयाची म्हणजे हलावयाची. वाईहून वर येताना पसरणीच्या घाटात माझे विष्णुसहस्रनाम एरवी एकदा पुरे होई. सर्जेरावांच्या बसमध्ये ते दोनदा होऊन वर रामरक्षेलाही अवकाश मिळे.

बस थांबली की दाराशी उभे राहून ते उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारीत, "धक्का लागला का?"

"न्हाई लागला, हवालदार!" मुले त्यांच्याच बोलीत ओरडत आणि हसत सुटत. ते मात्र हसत नसत. एखाद्याने थट्टेने "लागला" म्हटले, तर कोठे, कोणत्या वळणावर, हे विचारून घेत, आणि दुसऱ्या दिवशी त्या वळणावर बस इतकी हळू नेत की पायी चालणारे लोक खिडकीशी येऊन आमच्याशी चार शब्द बोलून जात.

बाजारातल्या एका हॉलमध्ये सुट्टीत येणाऱ्या लोकांसाठी खेळांची यंत्रे मांडलेली असत. त्यांत एक मोटारीचे होते. बसावयास खरे आसन, हाती खरे सुकाणू, पायाशी खरे ब्रेक. समोरच्या काचेवर तांबडी, बिनटपाची गाडी. तिच्या डाव्या बाजूला चालक आणि उजवीकडे पिवळ्या केसांची एक बाई. रस्ता समुद्राच्या कडेने निघून पाच टप्पे ओलांडत कोठेतरी जाई. प्रत्येक टप्पा नेमून दिलेल्या सेकंदांत गाठावयाचा. न गाठला तर खेळ संपला.

हॉलमध्ये एकट्याने जाण्याचा सर्जेरावांना संकोच वाटे, म्हणून त्यांनी मला बरोबर नेले. तेव्हापासून दर रविवारी भाजीची पिशवी घेऊन त्या कर्णकर्कश खोलीत उभे राहणे माझ्या प्रारब्धी आले. पहिल्याच दिवशी मालकाने खेळ कसा असतो हे दाखविण्यासाठी स्वतः गाडी भरधाव सोडली. ती वळणावर उलटली. चालक आणि बाई दोघेही रस्त्यावर फेकले गेले. क्षणभरात गाडी पुन्हा उभी राहिली, दोघेही पुन्हा आपापल्या जागी. पण सर्जेराव तडक बाहेर पडले आणि पुढचे दोन रविवार फिरकले नाहीत.

तिसऱ्या रविवारी आले. यंत्राभोवती एक फेरी मारून त्यांनी फस्ट परेड केली, सुकाणूला नमस्कार केला आणि मला आपला संकल्प सांगितला. "गुरुजी, यकदा शेवटपातूर पोचायचं. पर हिला धक्का न लावता."

"हिला म्हणजे?"

"आवं, शेजारी लेडीज सवारी हाय की! दिसंना व्हय तुमास्नी?"

ती सवारी पोचेना. सर्जेराव डावी बाजू सोडीत नसत, वळणापूर्वी गती कमी करीत, पुढे गाडी असेल तर तिच्यामागे अंतर राखून राहत. पहिला टप्पा कसाबसा होई. दुसऱ्यात वेळ सरे. "लय घाई करतंय हे घड्याळ," असे म्हणून ते उठत आणि मागे रांगेत खोळंबलेल्या लोकांकडे वळून विचारीत, "धक्का लागला का वो तिला? बघितलं न्हवं तुमी?" लोक मला बाजूला घेऊन विचारीत, "हे तुमचे कोण?" मी म्हणे, "सहकारी." दुसरे काय सांगणार?

पुढे एका मोसमात ते यंत्र नाहीसे झाले आणि त्या जागी कसलेसे हाणामारीचे आले. सर्जेरावांनी ती वार्ता मला स्टाफरूममध्ये ज्या स्वरात सांगितली, तो ऐकून गणिताच्या शिक्षकांनी उठून विचारले, "कोण गेले?"

यथावकाश आम्ही दोघेही निवृत्त झालो. मी सांगलीस मुलाकडे आलो. ते कुपवाडला मुलीकडे. दर गुरुवारी ते लुनावरून माझ्याकडे येत. त्या लुनाला सायकली मागे टाकीत. माझे वय झाले होते, कान, गुडघे आणि उत्साह ही तिन्ही क्रमाने रजेवर जात होती, आणि सर्जेरावांच्या त्या भेटींत फारसे बोलणेही उरले नव्हते. चहा घेत आम्ही दोघे रस्त्याकडे पाहत बसत असू. कधीतरी ते म्हणत, "दुसऱ्या टप्प्याफुडं काय असंल वो गुरुजी?" मी म्हणे, "ईश्वरास ठाऊक." ते मान हलवीत. दुसऱ्या टप्प्यात मरण पावणाऱ्या मनुष्याने तिसऱ्याची चिंता का करावी, हा प्रश्न माझ्या ओठांवर येई. पण तो विचारण्याचाही कंटाळा आला होता.

माझ्या सूनबाई मृदुला घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचे वर्ग चालवितात. नव्वदचे दशक संपत आले असता एका गुरुवारी त्यांनी एक चकचकीत तबकडी आणली आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही सांगता तो हवालदारकाकांचा खेळ असाच होता का बघा. जुनाच आहे, आता संगणकासाठी पुन्हा काढलाय."

काचेवर समुद्र आला, माड आले, तांबडी गाडी आली, आणि तिच्यात उजवीकडे ती पिवळ्या केसांची बाई. सर्जेरावांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या.

त्यानंतर जे घडले त्याला मी पाठचिकित्सा म्हणतो. जुन्या पोथीची नवी प्रत हाती आली की आम्ही शास्त्री लोक ज्या संशयाने तिच्याकडे पाहतो, त्याच संशयाने सर्जेरावांनी तो रस्ता तपासला. "हितं वळणाच्या आदी दगूड हुता, बरुबर हाय." "ह्यो माड नवा लावलाय." "आभाळ लय निळं केलंय, तवा फिकट हुतं." अखेर बाईकडे बराच वेळ पाहून त्यांनी निर्णय दिला, "तीच हाय."

अडचण एकच निघाली. संगणकाला सुकाणू नव्हते. बाणांच्या कळांनी गाडी वळवावयाची. "बोटानं गाडी?" सर्जेराव म्हणाले, "ही काय जपमाळ हाय व्हय?" पुढच्या गुरुवारी ते कुपवाडच्या भंगारातून एका जीपचे सुकाणू घेऊन आले. ते मांडीवर धरून त्यांनी फिरवावयाचे, आणि त्याकडे पाहून कोणीतरी तशा कळा दाबावयाच्या, अशी त्यांची योजना होती. सूनबाईंना वर्ग होते. तेव्हा ज्याने पस्तीस वर्षे पाणिनीची सूत्रे शिकविली, तो मी जीपचे सुकाणू आणि संगणक यांमधला लोखंडी दांडा झालो.

"ड्यावं, गुरुजी, ड्यावं! आता सोडा. आवं, सोडा म्हंतोय न्हवं! ब्रेक!"

"कोणता तो?"

"खालचा! गेली का न्हाई गवतात!"

"सर्जेराव, मला आता पडावयाचे आहे."

"यक डाव, गुरुजी. शेवटचा."

माझी दुपारची विश्रांती गेली, बोटे आखडली, आणि घड्याळ पूर्वीप्रमाणेच दुसऱ्या टप्प्यात आम्हा दोघांचा अंत करीत राहिले. सहा महिने हे चालले. शेवटी सूनबाईंनाच दया आली. नव्या आवृत्तीत वेळ वाढवून घेण्याची सोय होती, ती त्यांनी करून दिली आणि म्हणाल्या, "काका, आता बैलगाडीनं गेलात तरी पोचाल."

सर्जेरावांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "गुरुजी, ह्यात पाप न्हाई न्हवं?"

मी सांगितले की अशक्ताला सवलत देण्यात शास्त्राला कधी कमीपणा वाटलेला नाही. निर्जळी उपवासातही आजाऱ्याला पाणी चालते. त्यांचे समाधान झाले. मात्र इतका मोठा प्रवास गाडीची पूजा केल्यावाचून आरंभू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. खंडेनवमी चार दिवसांवर होती. त्या दिवशी सर्जेरावांची वाडी नांगर पुजते, कुपवाड यंत्रे पुजते आणि सैन्यात वाहने पुजली जातात. आम्ही संगणक पुजावयाचे ठरविले.

सूनबाई साताऱ्याला माहेरी गेल्या होत्या. यंत्र सुरू कसे करावे हे त्यांनी आम्हांला कागदावर लिहून दिले होते. सर्जेराव सकाळीच झेंडूची माळ घेऊन आले. मी सोवळ्याने बसून यथासांग पूजा सांगितली. पडद्याला माळ, पेटीला हळदकुंकू, सुकाणूला अक्षता. राहिली तबकडी. तिची एक बाजू मळकट, अक्षरांनी भरलेली. दुसरी आरशासारखी निर्मळ. निर्मळ तीच दर्शनी असणार, असे मानून मी त्या बाजूवर पाण्यात कालविलेल्या कुंकवाचे ठसठशीत बोट ओढले, आणि पूजा झाल्यावर उपरण्याच्या टोकाने ते घासून पुसले. जे केले ते पूर्ण श्रद्धेने केले, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल.

दुपारी प्रवास सुरू झाला. फस्ट परेड झाली. समुद्र गेला, माड गेले. दुसरा टप्पा ओलांडला, तेव्हा सर्जेरावांनी सुकाणूवरचा एक हात काढून डोळे पुसले आणि पुन्हा सुकाणू धरले. तिसऱ्यात डोंगर निघाले. "असं हाय व्हय," ते म्हणाले. चौथा गेला. एकदाही गाडी रस्त्याखाली उतरली नव्हती. माझी बोटे इतकी त्यांच्या हातांप्रमाणे चालत होती की सांगणे आणि दाबणे यांत अंतर राहिले नव्हते. पाचव्या, शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना पिवळी शेते लागली, समोर सरळ रस्ता, आणि तेथे चित्र थांबले.

गाडी थांबली, ढग थांबले, घड्याळही अकरा सेकंदांवर थांबले. मी कागद पाहून सर्व कळा दाबल्या. काही हलेना. तबकडी बाहेर काढून पाहिली, तेव्हा तिच्या निर्मळ बाजूवर माझ्या बोटाच्या रुंदीचा तांबूस ओरखडा होता.

"सर्जेराव," मी म्हणालो, "हा अपराध माझा आहे. पूजेच्या वेळी मीच..."

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी."

"सूनबाई आल्या की दुसरी मागवू."

"ऱ्हाऊ द्या म्हंतोय न्हवं. बगा की, घड्याळ थांबलंय."

ते चित्राकडे पाहत राहिले. मग सुकाणू न सोडता बोलू लागले, आणि हे त्यांनी मला पाचगणीच्या इतक्या वर्षांत कधीही सांगितले नव्हते.

"फौजेच्या गाडीत घरच्या मान्साला बसवायची मनाई. बावीस वर्सं सगळ्यास्नी बसिवलं, आमच्या हिला न्हाई. सुट्टीवर आलो की म्हणायची, यकदा तुमच्या शेजारी बसून कुटंतरी जायचंय. आन् बसली कवा, तर दुखनं वाढलं तवा. दहिवडीसनं साताऱ्याला न्यायची हुती. जीप मागून आनली. रस्ता तुमी बगितलाय. ती म्हणायची, आवं, जरा सावकाश, धक्का लागतुया. म्या म्हनलं, गप बस, टायम न्हाई. पळिवली. टायमात पोचलो गुरुजी, डाक्टरबी म्हनला, टायमात आनलंत. तिसऱ्या दिशी गेली."

बाहेर कोणाच्या तरी ट्रकची पूजा होऊन भोंगा वाजला. तो थांबल्यावर ते पुढे म्हणाले,

"यकदाच शेजारी बसली. तेबी नीट बसू दिलं न्हाई. इचारायचंबी ऱ्हायलं."

मी थकलो होतो, आणि तेही.

सर्जेरावांनी मान किंचित उजवीकडे वळविली, पडद्यावरच्या त्या आसनाकडे, आणि बसमधून उतरणाऱ्या मुलांना विचारीत त्याहूनही हळू विचारले, "धक्का लागला का?"

मग ते सुकाणू धरून तसेच बसून राहिले. गाडी हलत नव्हती. तरीही पुढे नेण्याच्या कळीवर मी पुन्हा बोट ठेवले, आणि सूर्य खिडकीतून उतरेपर्यंत ते उचलले नाही.