मार्गदर्शनासाठी संपर्क

बँकेच्या फसवणुकीबद्दल मला कोणी शिकवायचं कारण नाही. एटीएममध्ये पिन टाकताना मी मशीनवर असा ओणवा होतो की मागचे लोक विचारतात, "काका, चक्कर आली का?"

पण नाव झालं कुणाचं? आमच्या बायकोचं!

गेल्या महिन्यात आशालताला एका भामट्याचा फोन आला. "मॅडम, केवायसी संपलंय, खातं बंद होईल." हिने कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत त्याला झुलवलं आणि शेवटी म्हणाली, "बाळा, तुझ्या आईचा नंबर दे." त्यानेच फोन कापला! झालं! आमच्या चंदनसारच्या सोसायटीत तिचा जयजयकार. सेक्रेटरी गॉडफ्रे डाबरेंनी रविवारी तिचं भाषण ठेवलं, व्हिडिओ फेसबुकवर टाकला. चारशे लाइक्स! सांडोरहून केळी घेऊन येणारी बाईसुद्धा मला म्हणाली, "तुम्ही आशाताईंचे मिस्टर ना?" ती केळी माझ्या घशाखाली उतरली नाहीत.

मग मी अनोळखी नंबर दिसला की मांजरासारखी झडप घालू लागलो. पण एक भामटा फिरकेल तर शपथ! दोन प्लॉटवाले आणि एक कुरियरवाला, बस्स. शेवटी न राहवून मी त्या व्हिडिओखाली लिहिलं, "असले भामटे मी झोपेतही पकडतो. मार्गदर्शनासाठी संपर्क : आत्माराम सावे." पुढे मोबाइल नंबर.

दुसऱ्याच दिवशी फोन!

"आत्माराम सर? सायबर दक्षता मंडळातून बोलतोय. जिल्ह्यातले सर्वांत हुशार नागरिक म्हणून तुमची निवड झालीये."

"आशालता सावेंची नाही ना?"

"कोण त्या?"

हा माणूस मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला!

प्रमाणपत्रासाठी त्याने आधारचा फोटो मागितला. पाठवला. मानधनासाठी डेबिट कार्डाचा मागितला, दोन्ही बाजूंनी. मी उजेडात नेऊन काढला. मग ओटीपी आला.

"पण हा कुणाला सांगू नका, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"सर, ते सामान्य लोकांसाठी."

पटलं! मी आकडे सावकाश, दोनदा सांगितले.

दोन मिनिटांत मेसेज आला. उन्नतीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले अठ्ठेचाळीस हजार गेले! मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"अगं, मानधन उलट्या दिशेने गेलंय."

आशालताने फोन हिसकावला. बँकेला सांगून कार्ड बंद केलं, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आधार लॉक केलं. मग मला रिक्षात घालून पोलीस ठाण्यात नेलं.

तिथल्या मीरा मॅडमनी चौकशी करून सांगितलं, "वेळेत कळवलंत. बरीचशी रक्कम पुढे जायच्या आत अडवलीये, मिळेल परत." माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी पेन उचललं. "काय सांगितलं त्याने तुम्हाला?"

मी पुटपुटलो, "जिल्ह्यातला सर्वांत हुशार नागरिक."

मॅडमनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुमचा विश्वास बसला?"

तेवढ्यात आशालता प्रथमच माझ्या बाजूने उभी राहिली.

"त्यांचा दोष नाही हो मॅडम," ती कळवळून म्हणाली, "आजवर त्यांना असं कुणी म्हटलंच नव्हतं!"