प्रवीणचं मशीन आणि वस्तीची लाईट

सुप्याच्या कारखान्यात पहिलावहिला लॅपटॉप आला आणि साहेबांनी तो प्रवीणच्या हाती दिला. प्रवीण टेम्पररी होता, पण नगरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला अख्ख्या कारखान्यात तोच एकटा.

"सोमवारी बाहेरगावचे पाहुणे येतायत," साहेब म्हणाले. "त्यांना आपली ड्रॉइंग ह्याच्यावर दाखवायची. मध्येच अडकला नाही पाहिजे, रखडला नाही पाहिजे. तेवढं जमव, तुझ्या परमनंटचं मी बघतो. नाहीतर पुण्याहून माणूस बोलवावा लागेल."

पुण्याहून आलेला माणूस परत जात नाही, हे प्रवीणला ठाऊक होतं. "निवांत करायचं काम आहे, घरी नेतो," असं तो साहेबांना म्हणाला खरा, पण मनातली गोष्ट वेगळी होती. त्याला ते यंत्र आई-बाबांना दाखवायचं होतं. जामखेडपर्यंत एसटीत त्याने बॅग मांडीवरून हलू दिली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने "अंडी हायती का?" असं विचारल्यावर तो नुसता हसला, कारण खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याला ते पटलं नसतं.

रविवारी सकाळी त्याच्या आईने, भिमाबाईने, बाबासाहेबांच्या तसबिरीखालचं टेबल दोनदा पुसलं आणि सगळ्यांना हात धुवायला लावले. प्रवीणने झाकण उघडलं, कळ दाबली. पडदा उजळला तशी भिमाबाईने तोंडाला पदर लावला.

प्रवीणचा बाप रंगनाथ पडला गवंडी. तो खाली वाकून, हात न लावता, चारी बाजूंनी यंत्र न्याहाळत म्हणाला, "सांधा कुठं दिसत न्हाई गं! बांधलंय मातर झ्याक."

"बाबा, एक अडचण हाय," प्रवीण म्हणाला. "आतलं सगळं पुसून नव्यानं भरायचंय. मशीन आत्ता लई अडकतंय. एकदा नीट बसवलं की पळंल. पण भरताना लाईट जाता कामा न्हाई. गेली तर सगळं मुसळ केरात."

"आन् मग?"

"मग पुण्याचा मानूस."

रंगनाथने टोपी घातली. पोराची नोकरी आता लाईटीवर आहे एवढं त्याला कळलं होतं, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं. त्यांच्या घरातला बल्ब कारभारीची गिरणी सुरू झाली की मिणमिणायचा, म्हणून तो आधी गिरणीवर गेला. रविवार असल्याने तिथे दळणाच्या डब्यांची रांग लागली होती.

"गिरनी बंद?" कारभारी उखडला. "मंग लोकांनी खावं काय? तुजा कॉम्प्युटर?"

कॉम्प्युटर हा शब्द तोंडातून निघाला आणि तो स्वतःच थबकला. "खरा कॉम्प्युटर? तुज्या घरात?"

"टेबलावर हाय."

कारभारीने पट्टा उतरवला, कपड्यांवरचं पीठ झटकलं आणि रंगनाथच्या पुढे चालू लागला. गिरणीच बंद म्हटल्यावर डबेवाल्या बायाही डबे घेऊन मागोमाग निघाल्या. वाटेत दगडाबाईला कळलं. तिने आपला टीव्ही बंद केला, शेजारणीचाही करायला लावला, आणि घराघरांतून "लाईट वापरू नका गं, मशीन नाजूक हाय!" असं सांगत ती भिमाबाईच्या दारात पोचली. पाहता पाहता सगळी वस्ती पंखे बंद करून प्रवीणच्या घरात येऊन उभी राहिली.

आता एवढी माणसं म्हटल्यावर खोली भट्टीसारखी तापली. प्रवीणच्या कपाळावरून घाम गळायला लागला. "जरा हवा येऊ द्या, गरम झालं तर मशीन अडकंल," तो म्हणाला. लगेच दगडाबाई सुपाने मशीनला वारा घालू लागली. दुसऱ्या बायांनी पदर पुढे केले. प्रवीणला कुणी वारा घातला नाही.

पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकत होती. कुणी खोकलं तर बाकीचे त्याच्याकडे असे बघत की खोकला माघारी जाई.

"सरकतीय, सरकतीय," कारभारी कुजबुजला. "मानूस न्हाई, बैल न्हाई, आपली आपण सरकतीय!"

खरं तर प्रवीणलाही तितकंच नवल वाटत होतं. कोर्समध्ये त्याने हे सगळं पाठ केलं होतं, पण आपल्या घरात, आपल्या आईच्या टेबलावर हे होताना बघून त्याचा ऊर भरून आला.

पट्टी निम्म्याच्या पुढे गेली आणि रंगनाथ घाम पुसत आत आला. तो मधल्या वेळात वायरमन सूर्यभानला गाठून आला होता.

"काळजी मिटली," तो ऐटीत म्हणाला. "सूर्यभानला समदं समजावलं. म्हनला, कॉम्प्युटरचं काम हाय म्हंजी मी सोता डीपीवर जातो, लाईट जायाचं नाव घेनार न्हाई."

त्याचं वाक्य संपलं आणि लाईट गेली.

बल्ब विझला. सुपाचा वारा थांबला. प्रवीणने डोळे गच्च मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला पुण्याचा माणूस स्पष्ट दिसला. तो त्याच्याच खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"आरं पर हे तर चाललंय की," भिमाबाई म्हणाली.

"काय चाललंय?"

"डोळं उघड की बाबा! तुजं मशीन."

प्रवीणने डोळे उघडले. पडदा लखलखत होता आणि निळी पट्टी आपली निवांत सरकत होती. तो बघतच राहिला. कोर्सचे कॉम्प्युटर लाईट गेली की धाडकन मरायचे, त्यामुळे हाही मरणार हे त्याने गृहीत धरलं होतं. बॅटरी आहे हे पुस्तकात वाचलं होतं, पण ती आतलं घड्याळ चालवण्यापुरती असेल असं त्याला वाटलं होतं.

तेवढ्यात बल्ब पेटला आणि पाठोपाठ सूर्यभान सायकल टाकून आत घुसला. "फ्यूजची तार ढिली हुती, रंगनाथभाऊ! मधीच लाईट जाऊ नये म्हनून घटकाभर बंद करून नवी तार टाकली. आता आली बघा. काय बिघडलं न्हाई ना?"

पण बल्बकडे कुणी पाहिलंही नाही. निळी पट्टी भरली, पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळला आणि मशीन कुठेही न अडकता सुरू झालं.

"म्हंजी ह्याला लाईट लागतच न्हाई?" कारभारीने हळूच विचारलं.

आता गिरणीचा हिशोब होणार म्हणून प्रवीणने मान खाली घातली. "तसं... थोडा वेळ न्हाई लागत, काका."

कारभारीने दोन्ही हात जोडले, प्रवीणला नव्हे, मशीनला. "आयला! आमी समदे मेलो उकाड्यात आन् ह्याला कायबी गरज न्हाई. ह्याला म्हनत्यात यंत्र!"

त्या दिवशी गिरणी सुरू झालीच नाही. बाया न दळलेले डबे तसेच घेऊन, पण खूश होऊन घरी गेल्या.

सोमवारी पाहुणे आले. प्रवीणने ड्रॉइंग दाखवायला सुरुवात केली आणि कारखान्याची लाईट गेली. मशिनांचा आवाज बंद पडला, साहेबांचा चेहरा उतरला. अंधारात फक्त लॅपटॉपचा पडदा उजळत राहिला आणि एकामागून एक ड्रॉइंग सरकत राहिली. पाहुणे खुर्च्या पुढे ओढून बघू लागले.

साहेब प्रवीणच्या कानाशी वाकले. त्यांच्या आवाजात काल वस्तीत होतं तेच नवल होतं. "अरे, लाईट नाही. हा चालतोय कसा?"

प्रवीणने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"थोडं सेटिंग केलंय, साहेब," तो म्हणाला.

महिन्याभरात तो परमनंट झाला.